पाटाच्या कडेनं, मांडवांच्या मधून

मुरूम आणि काळी माती यांतला फरक सायकलच्या चाकाला दहा फुटांत कळतो. मुरमावर पाऊस पडला की पाणी निचरून जातं, खडे बसतात आणि दोन तासांनी त्याच वाटेवर चाक आधीपेक्षा छान पळतं. काळ्या मातीवर तोच पाऊस पडला की चार-पाच फेऱ्यांत चाक दुप्पट जाड होतं, माती फोर्कच्या बेचक्यात ठासून बसते आणि सायकल जागच्या जागी थांबते. सोलापूर जिल्ह्यात या दोन्ही जमिनी एकाच शिवारात, कधी एकाच बांधाच्या दोन अंगांना असतात. द्राक्षपट्ट्यातून मोटारींचे रस्ते टाळून सायकल चालवायची तर पायाखालची जमीन ओळखता यायला हवी. बाकीचं सगळं त्यानंतर.

खडीच्या, मुरमाच्या, मातीच्या वाटांवर जाड टायरची पण हलकी सायकल चालवण्याला हल्ली ग्रॅव्हल म्हणतात. द्राक्षांच्या मुलखाशी या प्रकाराचं जगभर सख्य आहे. इटलीत कियांती भागातल्या गायोले गावातून १९९७ पासून लेरोइका ही जुन्या सायकलींची फेरी निघते. ती जाते तिथल्या पांढऱ्या खडीच्या रस्त्यांवरून, आणि ते रस्ते डांबराखाली गाडले जाऊ नयेत ही तिच्यामागची मूळ तळमळ. दक्षिण ऑस्ट्रेलियात क्लेअर खोऱ्यातली रेल्वे १९८३ च्या वणव्यानंतर बंद पडली, तिच्या मार्गावर आज द्राक्षबागांमधून जाणारी रीझलिंग ट्रेल आहे. न्यूझीलंडमध्ये सेंट्रल ओटागोतली १५२ किलोमीटरची वाट २००० साली खुली झाली, तीही जुन्या लोहमार्गाचीच. रेल्वेला चढ सोसत नाही, म्हणून तिची सोडलेली वाट सायकलीला आयती मिळते.

आपल्याकडेही अशी एक गाडी होती. १८९७ साली सुरू झालेली, अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे. पण ती मेली नाही, ब्रॉडगेज झाली आणि कुर्डुवाडीवरून पंढरपूर, मिरज, लातूरकडे गाड्या धावत राहिल्या. जिल्ह्यासाठी हे चांगलंच झालं. सायकलवाल्यांना मात्र तिथं वाट उरली नाही. आपली वाट पाण्यानं दिली आहे. कालवा हाच सोलापूरचा लोहमार्ग.

कालवा चढ चढू शकत नाही आणि एकदम उतरूही शकत नाही. डोंगराच्या कुशीला धरून, एकाच उंचीवरून वळणं घेत तो जातो. किलोमीटरमागे त्याचा उतार फार तर दोन-तीन वितींचा. त्याच्या भरावावरून पाहणीसाठी ठेवलेला मुरमाचा रस्ताही तसाच सपाट. लोक त्याला ‘कॅनॉलचा रस्ता’ म्हणतात. माळशिरस तालुक्यात नीरा उजवा कालवा नातेपुते, माळशिरसच्या बाजूनं पंढरपूरकडे जातो, उजनीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे भीमेच्या दोन्ही अंगांना पसरले आहेत. या भरावावरून जाताना एका हाताला पाणी आणि ऊस असतो, दुसऱ्या हाताला, पाट पोचत नाही अशा चढावर, ठिबकवर जगवलेल्या बागा आणि त्यांच्या वर उघडा माळ. एका रेघेनं दोन हवामानं वेगळी केल्यासारखा हा देखावा आहे. घाटमाथ्यावरच्या गर्द हिरवाईपेक्षा मला तो जास्त सुंदर वाटतो, कारण इथली प्रत्येक हिरवी गोष्ट कुणीतरी हातानं उभी केलेली आहे.

कॅनॉलच्या रस्त्याची खोड एकच, आणि ती माहीत नसेल तर दमछाक होते. कालवा ओढा ओलांडतो तिथं तो पुलावरून, म्हणजे जलसेतूवरून, किंवा ओढ्याखालून सायफननं जातो. रस्त्याला ती सोय नसते. तो भरावावरून धाडकन ओढ्यात उतरतो आणि पलीकडे तितकाच उभा चढतो. दहा किलोमीटर सपाट पळाल्यावर अचानक पंधरा-वीस मीटरचा खडा उतार समोर येतो. वाळू आणि सुटे गोटे नेमके तळाशी असतात. उतरतानाच हलका गिअर लावून ठेवायचा, कारण चढावर जोर देत गिअर बदलला तर साखळी दातांवरून घसरते. तळाशी पुढचा ब्रेक अजिबात दाबायचा नाही. ओढ्यात पाणी असेल तर उतरून ढकलत जायचं, शेवाळलेल्या फरशीवर चाक निसटायला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडण्याची पाळी, चालू असताना कालवा काठोकाठ भरून वाहतो. अस्तर गुळगुळीत आणि बाजू तिरप्या, म्हणून आत पडलेल्या माणसाला पट्टीचा पोहणारा असूनही वर येणं कठीण जातं. रस्ता भरावाच्या काठानं जात असेल तर पाण्यापासून निदान दोन मीटर अंतर ठेवा. अंधारात या रस्त्यावर जाऊच नका. बागांच्या शेततळ्यांनाही हेच लागू आहे. त्यांत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्यावर पाय टिकत नाही. बाटली भरायला वाकलेला माणूस आत घसरला की त्याला धरायला काही सापडत नाही. पाणी वस्तीवर मागावं. सोलापूरच्या शिवारात पाण्याला कुणी नाही म्हणत नाही.

आता चढांबद्दल. सोलापूर म्हटलं की सपाट माळ डोळ्यांपुढे येतो. शहराभोवती ते खरंही आहे, शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर पसरट बसलं आहे. पण जिल्ह्याच्या पश्चिमेला माळशिरस, सांगोल्याकडे शंभू महादेवाच्या डोंगराच्या सोंडा उतरतात आणि बार्शीच्या पुढे बालाघाटाच्या. कॅनॉल सोडून दक्षिणेला शिखर शिंगणापूरच्या दिशेनं वळलं की मुरमाच्या वाटा लांब, ताणणारे चढ घेत जातात. सुट्या मुरमावर पाच टक्के चढ हा डांबरावरच्या आठ टक्क्यांइतका जड जातो, कारण प्रत्येक दाबाला चाक थोडं फिरतं, थोडं घसरतं. उभं राहून पायडल मारलं की वजन पुढे जातं आणि मागचं चाक जागेवरच गरगरतं. बसून, कोपर सैल ठेवून, मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्यांच्या लयीत चढावं. त्यासाठी सर्वांत हलक्या गिअरला पुढच्या चकतीचे दात मागच्यापेक्षा कमी किंवा बरोबरीचे हवेत: एकच चकती असेल तर पुढे ४० आणि मागे ४२, दोन असतील तर ३० आणि ३४. साध्या तीन चकत्यांच्या हायब्रिडला पुढे २८ आणि मागे ३४ असेल तर ती या चढांना पुरून उरते. नवी महागडी सायकल घेण्याआधी घरातल्या हायब्रिडला ४० मिलिमीटरचे टायर बसतात का ते पाहा. चाक आणि फ्रेम यांच्यात दोन्ही बाजूंनी निदान सहा-सहा मिलिमीटर जागा राहिली पाहिजे.

इथं टायर हाच मुख्य विषय, म्हणून त्यावर जरा थांबतो. सराटा, बाभूळ, बोर आणि वेडी बाभूळ या चार काट्यांनी सोलापूरचं शिवार भरलेलं आहे. सराट्याचं वेल जमिनीलगत पसरतं, पावसाळ्यात त्याला इवली पिवळी फुलं येतात आणि दिवाळीच्या सुमारास फळं वाळून सुटतात. फळाचा तुकडा कसाही पडला तरी एक काटा वरच राहतो. सराटे रस्त्याच्या मधोमध कमी आणि कडेला, खळ्यावर, गुरं बसतात त्या जागी जास्त. म्हणून समोरून ट्रॅक्टर आला तर चालू सायकल कडेच्या गवतात घालू नका. थांबा, उचला आणि बाजूला उभे राहा. बाभळीचे लांब काटे मात्र वाटेच्या मधोमध सापडतात, कारण शेतकरी गुरांना अडवायला बोराट्या आणि काट्यांच्या फांद्या ओढत नेतात आणि फांदी काटे सांडत जाते. वाटेवर फांदी ओढल्याच्या बारीक समांतर रेघा दिसल्या की पुढचे पन्नास पाऊल सायकल खांद्यावर घ्यावी.

टायर ट्यूबलेस, म्हणजे आतल्या ट्यूबशिवाय, करता आलं तर उत्तम. ४० मिलिमीटरच्या टायरला ८० ते १०० मिली सीलंट, म्हणजे आतून भोक बुजवणारा द्रव, लागतं. थंड देशांतली माहितीपत्रकं ते सहा महिने टिकतं म्हणतात, आपल्या उन्हाळ्यात ते सहा ते आठ आठवड्यांत सुकून रबराच्या गोळ्या होतात. मार्च ते जून दर दीड महिन्याला व्हॉल्व्ह उघडून काडी घालून पाहा, काडी ओली आली नाही तर चाळीस-पन्नास मिली भर घाला. सत्तर किलोच्या माणसाला हवा पुढे ३० पीएसआय, मागे ३३ च्या आसपास पुरते. सामान असेल तर मागे दोन-तीन जास्त. ट्यूब असेल तर पुढे ४० आणि मागे ४४. त्याहून कमी ठेवलं तर दगड आणि रिमच्या चिमट्यात ट्यूब सापडते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. जास्त ठेवलं तर टायर खड्यांवर उड्या मारतो, पकड जाते आणि तासाभरात तळहात बधिर होतात.

ट्यूबलेसमध्ये सराटा घुसला तर तो काढा, भोक खाली येईल असं चाक फिरवा आणि अर्धा मिनिट थांबा. सीलंट तिथं जमून भोक बुजवतं. ट्यूबच्या टायरमध्ये मात्र ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून रुमाल फिरवा. मोडलेली टोकं बाहेरून दिसत नाहीत, रुमालाचा धागा मात्र अडकतो. बोट फिरवलं तर ते कापतं. हे न करता नवी ट्यूब टाकली की दोन किलोमीटरवर पुन्हा बसायची वेळ येते, आणि पंक्चरचा कंटाळा येऊन सायकल सोडणाऱ्यांत असे बरेच असतात. गावातल्या पंक्चरच्या दुकानात सोल्युशन, ठिगळ, पंप सगळं मिळतं, पण बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला तिथला पंप बसत नाही. छोटा पितळी अ‍ॅडॅप्टर व्हॉल्व्हवरच चढवून ठेवला तर कुठल्याही दुकानात हवा मिळते. पिशवीत एक ट्यूब, ठिगळं, साखळीची जोडकडी, साखळी तोडण्याचं हत्यार आणि मागच्या डीरेलरचा, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाचा, हँगर (तो फ्रेमला जोडणारी पट्टी) एवढं असावं. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि तो तालुक्याच्या गावात मिळणार नाही, म्हणून सायकल घेतानाच एक जास्तीचा घ्यावा.

हँगर मोडतो तो बहुधा काळ्या मातीत. चाकाला चिकटलेली माती वर येते, चिकटलेलं गवत आणि पाचट तिला धरून ठेवतं, तो गोळा डीरेलरच्या पिंजऱ्यात अडकतो. माणूस जोर लावतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा हँगर काडीसारखा मोडून डीरेलर आऱ्यांत जातो. उपाय साधा आहे: चाक जड लागलं की त्या क्षणी पायडल थांबवा. जोर लावून माती सुटत नाही. उतरा, चपटी काडी घेऊन आधी फोर्क, मग मागचं बेचकं मोकळं करा आणि सायकल ढकलू नका, उचला. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते. त्यामुळे चांगला पाऊस झाला की निदान दोन-तीन दिवस मातीच्या वाटा सोडून द्याव्यात. आकसण्याचा दुसरा परिणाम एप्रिलमध्ये दिसतो. जमिनीला हातभर खोल भेगा पडतात. आडव्या भेगेवरून चाक उडी मारून जातं, पण वाटेच्या दिशेनं धावणाऱ्या भेगेत पुढचं चाक एकदा गेलं की हँडल वळत नाही आणि माणूस पुढे फेकला जातो. अशा वाटेवर नजर चाकासमोर नको, पंधरा मीटर पुढे हवी.

सोलापुरात पावसाचा जोर बहुधा सप्टेंबरमध्ये, परतीच्या पावसाबरोबर असतो. जून-जुलैत कधी कधी आठवडेच्या आठवडे कोरडे जातात. पुण्या-कोकणाचं वेळापत्रक इथं चालत नाही: जुलैत मुरमाची वाट सुरेख असू शकते आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तीच शेजारच्या शेतातून वाहून आलेल्या गाळाखाली असते.

द्राक्षाचं वेळापत्रक त्याहून बारकाईनं पाळावं लागतं, कारण ज्या वाटेवर आपण जातो ती बागेच्या कामाची वाट आहे. बागेची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यातून वर्षभराची काडी तयार होते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात गोडी छाटणी, त्यातून फळ येतं. दोन्ही वेळा छाटलेल्या काड्या वाटेवर पडतात, त्यांची तिरपी कापलेली टोकं टायरच्या बाजूच्या पातळ भिंतीत घुसतात. तिथं सीलंटचा उपयोग होत नाही, आतून जाड ठिगळ लावावं लागतं. जुन्या टायरचा दोन इंची तुकडा पिशवीत असला तर वेळ निभावते. मांडवाच्या तारांचे तुकडेही याच दिवसांत विखुरलेले असतात. ठिबकच्या नळ्या वाटेवर आडव्या पडलेल्या दिसल्या तर उतरून ओलांडा, चाकाखाली नळी फुटली की एका ओळीचं पाणी जातं.

गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. हे रसायन विषारी आहे, हातमोजे घालून लावायचं असतं, आणि ते अंगात गेलेल्या माणसानं दारू प्यायली तर चेहरा लाल होणं, धडधड, रक्तदाब पडणं असा त्रास होतो. वाइनच्या मुलखात फिरणाऱ्यानं हे एवढं तरी लक्षात ठेवावं. पेस्टिंग, म्हणजे काड्यांना हे रसायन लावणं, चालू असलेल्या बागेच्या ओळींजवळ थांबू नका, काडीला हात लावू नका. पुढे डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्या सुरू होतात. ट्रॅक्टरच्या ब्लोअरचा आवाज आला तर वारा कुठून आहे ते पाहा आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला, निदान पन्नास मीटर दूर थांबा. टँक संपेपर्यंत थांबणं हे तोंडाला रुमाल बांधून पुढे जाण्यापेक्षा केव्हाही बरं. आणि घड कितीही मोहक दिसला तरी तोडू नका. चोरी ही एक गोष्ट झालीच, पण फवारणी आणि काढणी यांत ठरावीक दिवस जावे लागतात आणि ते गेले की नाही हे फक्त बागवाल्याला माहीत असतं. विचारलं तर तो स्वतः घड आणून हातावर ठेवतो.

जानेवारी ते मार्च काढणी. या दिवसांत बागेलगतच्या वाटेवर वेग कमी ठेवा. धुरळा घडावर बसला की निर्यातीच्या मालाचा भाव जातो, वाटेवर पाणी मारणारे बागवाले त्यासाठीच मारतात.

नान्नज सोलापूरपासून वीस-बावीस किलोमीटरवर आहे. द्राक्ष आणि माळ एकत्र पाहायचा तर पहिली फेरी तिकडेच काढावी. इथले शेतकरी नानासाहेब काळे यांनी निवडलेलं ‘सोनाका’ हे वाण महाराष्ट्रभर गेलं. सोलापूर, नान्नज, काळे यांची पहिली अक्षरं जोडून ते नाव झालं. वाटेत एकरुखचा, म्हणजे हिप्परग्याचा, एकोणिसाव्या शतकातला तलाव लागतो. आणि नान्नजच्या माळावर १९७९ पासून माळढोक अभयारण्य आहे. हा गवताळ माळ ओसाड नाही. माळढोक जमिनीवर अंडं घालतो, तेही पावसाळ्यात. काळविटांचे कळपही तिथंच चरतात. मोकळा माळ पाहून चाक आत घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. सार्वजनिक रस्ता सोडू नये. माळढोक इतका दुर्मीळ झाल्यावर एका सायकलची रेघसुद्धा तिथं नको.

वाइनची द्राक्षं पाहायची तर मात्र अकलूज-माळशिरसकडे जावं लागतं. मोटेवाडीच्या परिसरात फ्रातेली या वाइन कंपनीच्या बागा आहेत, तिथं सांजोवेसे ही मूळची इटलीच्या तोस्कानातली द्राक्षजात लावलेली आहे, गायोलेच्या पांढऱ्या रस्त्यांशेजारी असते तीच. खाण्याच्या द्राक्षाचा मांडव डोक्यावर छत धरतो, ‘वाय’ पद्धतीत वेल दोन हात पसरतो, वाइनची बाग मात्र उभ्या भिंतींसारखी सरळ ओळींत असते आणि मण्यांचा आकार लहान. सायकलवरून जाताना या ओळी एकामागून एक उघडत जातात आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला क्षणभर डोंगर दिसतो. वाइनरी पाहायला आधी कळवून जावं आणि चव घ्यायची असेल तर फेरी तिथंच संपवावी. उन्हात घाम गाळलेल्या अंगावर मद्य लवकर चढतं, आणि परतीच्या वाटेत जलसेतूचे ते खडे उतार आहेतच.

तिसरा पट्टा पंढरपूर, कासेगाव, सांगोला, मंगळवेढ्याचा. इथं फेब्रुवारीपासून बेदाण्याची शेड भरतात. हिरव्या जाळीच्या भिंती, आत जाळ्यांचे मजले. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, लिटरला साधारण २५ ग्रॅम आणि १५ मिली, त्यानं सालीवरचा मेणाचा थर भेगाळतो आणि पाणी लवकर उडतं. दोन आठवड्यांच्या आसपास चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. रंगासाठी गंधकाची धुरी देतात, ती चालू असताना शेडजवळ जाऊ नये, दमेकऱ्यांनी तर मुळीच नाही.

बेदाणा हा सायकलवाल्याच्या खिशातला उत्तम खाऊ आहे. शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३०० कॅलरी, जवळजवळ ८० ग्रॅम कर्बोदकं. पण सगळी भूक त्यावर भागवली तर पोटात गोळा येतो, कारण त्यात फळसाखर आणि तंतू दोन्ही भरपूर. तासाला चाळीस ग्रॅम बेदाणा आणि त्याबरोबर कडक भाकरीचा तुकडा, शेंगाचटणी लावून, हे प्रमाण जमतं. सोलापूरची कडक भाकरी पिशवीत दिवसभर टिकते, घामानं गेलेलं मीठ चटणीतून परत येतं. पाण्याचा हिशेब हिवाळ्यात तासाला अर्धा लिटर, मार्चनंतर पाऊण ते एक. एका बाटलीत लिटरला सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि लिंबू. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहाच्या आत घरी पोचावं, पारा चाळीशी ओलांडतो आणि माळावर सावली नसते.

मोटारी नसलेली वाट म्हणजे रिकामी वाट नव्हे. ऑक्टोबरअखेर ते मार्च गाळप हंगाम असतो. माळशिरस, पंढरपूर, माढ्याकडे दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या कॅनॉलच्या रस्त्यांवरही येतात. ट्रॅक्टरवाल्याला मागचं ऐकू येत नाही आणि मागची ट्रॉली वळणावर आत खेचली जाते, म्हणून ओव्हरटेक फक्त सरळ आणि रुंद जागी करा, चढावर तर कधीच नाही. दोन ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या हंगाम संपल्यावरही महिनाभर राहतात. एकदा चाकोरी धरली तर शेवटपर्यंत तीच धरा, मधूनच तिरपं बाहेर निघायला गेलं की चाक घसरतं. वस्तीवरचं कुत्रं धावून आलं तर पळू नका. उतरा, सायकल मध्ये धरा आणि हळू चालत निघा, हद्द संपली की ते थांबतं.

वाट शोधताना उपग्रहाचं चित्र मोठं करून पाहा. पांढरट किंवा तांबूस रेघ म्हणजे मुरूम, काळपट रेघ म्हणजे माती. झाडांच्या दुहेरी ओळीतून जाणारी रेघ बहुधा जुनी पाणंद. मग महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर त्या गावाचा नकाशा उघडा. गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेनं दाखवलेला असतो. उपग्रहावर रेघ आहे पण गावनकाशात नाही, म्हणजे ती बहुधा एखाद्याची खासगी वाट आहे, तिथं विचारून जावं. उलटही होतं: नकाशात गाडीमार्ग आहे आणि जमिनीवर नांगरट. त्या वादात सायकलवाल्यानं पडू नये, वळून यावं. कॅनॉलचा रस्ता जलसंपदा खात्याच्या पाहणीचा आहे, सार्वजनिक रस्ता म्हणून बांधलेला नाही. चौकीदारानं थांबवलं तर नमस्कार करून परत फिरावं. पन्नास किलोमीटरच्या फेरीला डांबरावर सव्वादोन तास लागत असतील तर इथं चार धरा. फाटक, बोराटी, ओढा, पंक्चर हे सगळं त्यात येतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी कुणाला तरी एक फोन करावा, आणि तो पाटकऱ्याला असावा, म्हणजे पाट कधी आणि कुठल्या चारीला (पोटकालव्याला) सुटणार हे ज्याला तारखेवार माहीत असतं त्याला. आवर्तन सुटलं की पहिल्या दोन दिवसांत चाऱ्या पाझरतात, भरावाखालची वाट दलदल होते आणि मुरमाच्या रस्त्यावर जागोजाग काळ्या मातीचे ओले पट्टे तयार होतात. त्याच वेळी गावागावांतले शेतकरी रात्रपाळीचं पाणी धरून पहाटे त्याच रस्त्यानं, खांद्यावर खोरं घेऊन, डुलकी आवरत मोटारसायकलवर परतत असतात. पाणी सुटून पाच-सहा दिवस झाले की भराव सुकतो, धुरळा बसलेला असतो, कालवा अजून वाहत असतो आणि कडेच्या वेड्या बाभळींवर बगळे उतरलेले असतात. त्या सकाळी, उजाडायच्या सुमारास, टायरमध्ये दोन पीएसआय कमी ठेवून निघावं.